अण्णांच्या जागी ऐकताना

त्या दिवशी त्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. स्टुडिओचे मालक सेठीसाहेब. गाणाऱ्या दामलेकाकू. ढोलकीवाले नत्थूचाचा. आणि मी, कुसुम, तेव्हा सोळा पुरी व्हायची होती. आई आणि माझी धाकटी बहीण बेबी वर छतावर होत्या, आमच्या बरसातीत, पण त्यांनाही हजर धरते, कारण जे झालं ते त्यांच्या डोक्यावरच्या छपराचंच झालं. यातले आज मी आणि बेबी दोघीच उरलोय.

मी आठवीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. नात म्हणाली, आजी, तू बोलतेस तसंच लिही, म्हणून लिहितेय. गाझियाबादला सेठीसाहेबांची एक जुनी इमारत होती. खाली त्यांचं कॅसेटचं दुकान, पहिल्या मजल्यावर गाणी रेकॉर्ड करायची खोली, आणि छतावर दोन खोल्यांची बरसाती. अण्णांना तिथे रेकॉर्डिंग मास्टरची नोकरी लागली तेव्हा ती बरसाती नोकरीबरोबर मिळाली. म्हणजे नोकरी गेली की घरही गेलं, हे आम्हाला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. आई भिंतीला खिळा ठोकताना पण विचारायची, साहेबांना चालेल ना हो?

रेकॉर्डिंगच्या खोलीला आतून सगळीकडे पानिपतच्या गोधड्या आणि कांबळी लावलेली होती. कारखान्यातला डागी माल, सेठीसाहेबांनी टेम्पो भरून आणलेला. लाल, हिरवी, एकावर वाघ, एकावर मोर. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. शेजारी खराद मशीनवाले होते, दिवसभर लोखंड कापायचे, त्याचं किंचाळणं त्या कांबळ्यांतून निम्मं होऊन यायचं. अण्णा नव्यानं आले तेव्हा आईला म्हणाले होते, "बघ, मराठी माणूस परत पानिपतात येऊन बसला." आई हसली नव्हती. तिला त्या गोधड्यांना उन्हं दाखवायची घाई असायची, कुबट वास यायचा ना.

आमचं जेवण म्हणजे बाजरीची भाकरी. ज्वारी तिकडे सहज मिळायची नाही, मामा वर्षातून एकदा गोडा मसाला आणि थोडी ज्वारी पाठवायचा, ती आई सणावाराला काढायची. शेंगदाण्याची चटणी, थंडीत मेथी नाहीतर मुळा, आणि चिंचगुळाची आमटी. खालून शेजारच्यांच्या सरसोंच्या तेलाचा वास आला की बेबी म्हणायची, "मम्मी, आपण पण पराठे बनवू या ना, बिल्कुल उनके जैसे." आई म्हणायची, "आधी आई म्हण, मग पराठे." पण त्या वर्षी आमच्या घराला या सगळ्यापेक्षा वरचढ वास लसणाचा होता. आई रोज सकाळी तेलात लसूण जाळायची आणि ते कोमट तेल अण्णांच्या कानात घालायची.

अण्णांचे कान जात होते. तरुणपणी ते सभांना, लग्नांना भोंगे लावायचे, दिवसदिवस भोंग्याच्या तोंडाशी उभे राहायचे. त्याचं ते फळ. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, नस सुकलीय, आता परत नाही यायची. आईनं ते ऐकलं आणि लसूण चालू ठेवला. अण्णांना जाड आवाज नीट यायचे, ढोलकीचा बायाँ म्हणजे डावी घुमणारी बाजू, ट्रक, जिन्यावरची पावलं. बारीक आवाज गेले होते. सायकलची घंटी, कुकरची शिट्टी, झांजा, सुरीची धार लावणारा. मला पहिल्यांदा कळलं ते रस्त्यात. मी डबा घेऊन त्यांच्याबरोबर चाललेले, मागून सायकलवाला घंटी वाजवत वाजवत आला, आणि अण्णा हलले नाहीत. सायकलवाल्यानं शिवी दिली. अण्णांनी शिवी ऐकली आणि घंटी नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "घरी बोलू नकोस." मी बोलले नाही. आईला आधीच ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं. आम्ही तिघंही एकमेकांपासून तेच लपवत होतो.

कानानं पोट भरणारा माणूस बहिरा होतोय हे मालकाला कळलं तर काय, एवढा एकच विचार त्या आठ महिन्यांत आमच्या घरात होता. मी अण्णांना खाली जाण्याआधी साबणानं कान धुवायला लावायची, लसणाचा वास साहेबांना येऊ नये म्हणून. शाळा माझी सुटलेलीच होती. डब्याचं निमित्त करून मी दुपारी स्टुडिओत जायची आणि तिथेच थांबायची. मशीन चार पट्ट्यांचं होतं. म्हणजे गाणारा एका पट्टीवर, ढोलकी दुसरीवर, पेटी तिसरीवर, मागे म्हणणाऱ्या बायका चौथीवर, असं वेगवेगळं भरायचं आणि मग सगळं नीट प्रमाणात एकत्र करून एक गाणं बनवायचं. त्याला मिक्सिंग म्हणतात. ते अण्णांच्या जागी मी करायला लागले. खुर्चीत अण्णा बसायचे, हेडफोन माझ्या कानाला. जिन्यावर साहेबांची पावलं वाजली की ती अण्णांना ऐकू यायची, ते माझ्या हाताला चिमटा काढायचे, की हेडफोन त्यांच्या डोक्यावर आणि डबा माझ्या हातात.

मला काही येत नव्हतं. आज आमची नात लॅपटॉपवर गाणी मिसळते, चुका करते, हसते, पुसून परत करते. मला तिचा हेवा नाही वाटत, पण नवल वाटतं, चूक करताना ती घाबरत कशी नाही. माझ्या चुका अशा. ढोलकी कमी वाटली की ढोलकी वर करायची. मग गाणारा दबायचा, म्हणून गाणारा वर. मग पेटी गेली कुठे, पेटी वर. शेवटी मशीनवरच्या आवाजाच्या चारी दांड्या टोकाला आणि आवाज मोजणारी सुई लाल घरात फडफडतेय. अण्णांना सुई दिसायची. ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणायचे, "अगं, जो ऐकू येत नाही त्याला वर नको नेऊस. जो आड येतोय त्याला खाली आण." हे समजायला मला महिना लागला, आणि समजल्यावरही हात आपोआप वरच जायचा. घाबरलेला हात वर जातो.

दुसरं म्हणजे इको. तो घातला की कुठलाही आवाज देवळात गायल्यासारखा वाटायचा, मला भारी आवडायचा. मी एवढा घातला की नत्थूचाचा म्हणाले, "बिटिया, ढोलक मैंने यहाँ बजाई थी, कुएँ में नहीं." तिसरं, मोठ्यानं ऐकायचं. मोठ्यानं ऐकलं की सगळंच चांगलं वाटतं. आणि कान थकतो ते कळत नाही. थकलेल्या कानाला सगळं मिणमिणतं लागतं, म्हणून मी बारीक आवाज, ते ट्रेबल म्हणतात ना, ते वाढवत जायची. वर स्पीकरवर लावून बघावं तर मशीनच्या खोलीतही त्याच पानिपतच्या गोधड्या. बारीक आवाज त्या पिऊन टाकायच्या. खोलीत बरं वाटलेलं गाणं बाहेर कुठे लावलं की कानात टाचणी जावी तसं लागायचं. अण्णा म्हणायचे, अर्धा तास झाला की ऊठ, छतावर जाऊन ये, हळू आवाजात ऐक. मी उठायची नाही. उठून जाईन आणि तेवढ्यात साहेब आले तर?

म्हणून अण्णांनी एक रीत पाडली होती. गाणं तयार झालं की ते वर नेऊन आईच्या जुन्या टेपवर लावायचं, स्टोव्ह भडकलेला असताना. आईला विचारायचं, शब्द कळतात का? आई भाकरी थापता थापता ऐकायची. "तो कशाला रडतोय ते कळलं, पण कोणासाठी ते नाही कळलं," असं काहीतरी म्हणायची. मग खाली जाऊन परत. आईचा स्टोव्ह हीच आमची परीक्षा होती. आणि आठ महिने आम्ही ती पास होत राहिलो.

मग दामलेकाकू आल्या. त्यांचे यजमान केंद्र सरकारात मोठ्या जागेवर. त्यांनी सरकारी क्वार्टरमधल्या आठ बायका जमवल्या होत्या, मंगळागौरीच्या खेळांची गाणी कॅसेटवर घ्यायला. मुलं इथे दिल्लीत वाढतात, त्यांना झिम्मा फुगडी कोण शिकवणार, असं त्यांचं म्हणणं. साहेबांना मराठी कळत नव्हतं, पण मोठ्या अफसराच्या घरचं काम म्हणून ते त्या दिवशी सकाळपासून स्टुडिओतच उभे. बायका नटून आल्या होत्या. नऊवारी, नथ, आणि कोपराकडे सरकणाऱ्या हिरव्या काचेच्या बांगड्या. आवाज भरायचाय, फोटो नाही, पण तरी.

गाणाऱ्या बाईला बांगड्या काढायला सांगणं हा या धंद्यातला पहिला नियम. अण्णा सगळ्यांना सांगायचे. त्या दिवशी नाही सांगितलं. सवाष्ण बाईला, तेही मंगळागौरीचं गाणं म्हणताना, हातातली काच उतरव म्हणायचं, ते त्यांच्या जिभेवर येईना. आणि त्यांना ती काच ऐकूच येत नव्हती. बायका टाळ्या वाजवून म्हणायला लागल्या. काचेपलीकडच्या खोलीत मी अण्णांच्या मागे डबा धरून उभी. भिंतीवरच्या स्पीकरमधून गाणं येत होतं आणि प्रत्येक टाळीला आठ जणींच्या हातातला चुडा खळखळत होता. मला स्वच्छ ऐकू आलं. साहेब माझ्या शेजारी उभे होते, पण ते काकूंच्या यजमानांच्या ड्रायव्हरला चहा सांगत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी अण्णांच्या खांद्याला हात लावला. अण्णांनी वळून बघितलं. साहेबांनीही बघितलं. मला बोलायचं होतं, अण्णा, थांबवा, बांगड्या येतायत. पण मी बोलले असते तर साहेबांनी विचारलं असतं, जे पोरीला ऐकू आलं ते मास्टरजींना कसं नाही आलं? मी म्हणाले, "पाणी देऊ?" अण्णांनी मान हलवली आणि गाणं पुढे चालू राहिलं. सहाच्या सहा गाणी तशीच भरली.

पुढचे तीन दिवस मी त्या बांगड्यांशी झगडले. ट्रेबल कमी केलं तर बायका गोधडी पांघरून गात असल्यासारख्या वाटायच्या. ढोलकी वाढवून खळखळ झाकायला गेले तर शब्द गेले. शब्द वर केले तर त्यांच्याबरोबर काच वर आली, कारण ती त्याच पट्टीवर चिकटलेली. मीठ एकदा आमटीत पडलं की निवडून काढता येत नाही, तसं. अण्णांना मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतेय. त्यांचा चेहरा बघवला नसता, एवढंच. ते खुर्चीत बसून सुई बघायचे आणि म्हणायचे, "छान बसलंय की गं." तिसऱ्या दिवसापर्यंत माझा कान इतका मेला होता की मलाही वाटलं, बसलंय छान.

कॅसेट वर नेली. आईनं स्टोव्ह पेटवला, टेप लावली, आणि पहिल्याच गाण्याला तिचे पिठाचे हात थांबले. ती स्वतः गुणगुणायला लागली. डोळे भरून आले तिचे. "बांगड्या काय गोड वाजतात गं," म्हणाली, "माहेरी गेल्यासारखं वाटलं." मी विचारलं, "शब्द?" ती म्हणाली, "शब्द काय, पाठच आहेत." जिला शब्द पाठ आहेत तिला शब्द ऐकू येतात की आठवतात, हे तिचं तिलाही कळत नाही. पण वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ऐकायला येणार होत्या.

आल्या. साहेबांनी खालच्या दुकानातला मोठा टेप वर आणवला. नत्थूचाचाही आले होते. पहिलं गाणं लागलं. साहेबांच्या टेपवर गोधड्यांची मेहेरबानी नव्हती, तो थेट काकूंच्या तोंडासमोर ठेवलेला. खळखळ, खळखळ, आणि मधूनमधून कोणीतरी गातंय. काकूंनी अर्धं गाणं ऐकलं. मग म्हणाल्या, "अगं बाई, आम्ही गातोय की कासाराच्या दुकानात बसलोय?" नत्थूचाचांना मराठी येत नव्हतं तरी ते हसले. साहेब हसले नाहीत.

"मास्टरजी," ते म्हणाले, "ये छन-छन आपने सुनी नहीं?"

अण्णा म्हणाले, "कौनसी छन-छन?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं आणि ते एकटे सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. साहेबांनी टेप बंद केला. खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला, अण्णांच्या मागे गेले, आणि त्यांच्या उजव्या कानामागे धरून हलवला. अण्णा समोर बघत राहिले. मग डाव्या कानामागे. खराद मशीन पण तेव्हाच थांबलं होतं. मला फक्त किल्ल्या ऐकू येत होत्या आणि वर बेबी उड्या मारतेय ते. मी मनात म्हणत होते, अण्णा, वळा, एकदा वळा. अण्णांनी माझा चेहरा बघितला आणि त्यावरून ते सावकाश मागे वळले.

"चाबी है ना?" ते म्हणाले. "दिख रही है, साहब. सुनाई नहीं दे रही."

साहेब म्हणाले, "कब से?"

"आठ महीने से लड़की मिला रही है. पर माइक मैंने लगाया था. चूड़ी उतरवाना मेरा काम था. गलती मेरी है."

साहेब माझ्याकडे वळले. "तूने सुनी थी?"

मी म्हणाले, "जी."

"तो बोली क्यों नहीं?"

"डर लगता था."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण चांगला माणूसही बहिऱ्या मास्टरला कशाला ठेवेल? मी मनात सामान बांधत होते. स्टोव्ह, दोन ट्रंका, गोड्या मसाल्याचा डबा. पानिपतच्या गोधड्या साहेबांच्या, त्या नाही न्यायच्या. तेवढ्यात काकू उठल्या. "चलो, फिर से गाएँगे," म्हणाल्या, "उसमें क्या है. मैं सबको कल बुला लेती हूँ. लेकिन बांगड्या काढणार नाही हं मी, आत्ताच सांगते."

अण्णा त्यांना म्हणाले, "काढू नका. बाईनं का काढावी." आणि मला म्हणाले, "आईची एखादी जुनी साडी आण, मऊ झालेली."

दुसऱ्या दिवशी त्या साडीच्या पट्ट्या फाडून मी आठ बायकांच्या हातांना बांधल्या. बांगड्या एकमेकींवर आपटू नयेत इतपत घट्ट. काकूंच्या हातावरची गाठ माझ्याकडून दोनदा सुटली, तेव्हा त्यांनीच मारली. म्हणाल्या, "किती घाबरतेस गं, लग्नात काय करशील?" माईक अण्णांनीच लावले. कोण किती जोरात म्हणते, कोणाचा हात कुठवर येतो, हे त्यांनी नुसतं बघून ठरवलं, प्रत्येक बाईला वीतभर पुढेमागे सरकवत. मग ते खुर्चीशी आले, खुर्ची मागे ओढली, आणि मला म्हणाले, "बस."

साहेब पाठीमागे उभे होते. मिसळताना मी एकही दांडी वर नेली नाही, फक्त खाली आणत गेले, आणि अर्ध्या तासानं उठून छतावर गेले. परत आले तेव्हा साहेबांनी गाणं लावायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. शेवटपर्यंत. मग म्हणाले, "ठीक है." एवढंच. मला रडू आलं नाही, आम्ही रडणारी माणसं नव्हतो.

घर राहिलं. नोकरी माझी झाली. अण्णांनी पुढे नऊ वर्षं माईक लावले, तारा गुंडाळल्या, दारावरचा लाल दिवा चालूबंद केला, पण त्या खुर्चीत परत कधी बसले नाहीत, मी घरी गेलेली असतानाही नाही. साहेब "ठीक है" म्हणाले त्याच्या दुसऱ्या सकाळी आईनं तेल गरम केलं तेव्हा अण्णा म्हणाले, "राहू दे आता." आईनं ते तेल भाजीत घातलं. लोक म्हणतात, कुसुमला किती लहानपणी संधी मिळाली. मला ती संधी वाटली नाही. मी वडिलांच्या जागी बसले, ते समोर उभे असताना, आणि ते माझ्याकडे बघून मान हलवायचे, छान, छान. त्यांना काय ऐकू येत होतं देव जाणे.

कॅसेटचं कव्हर छापायच्या वेळी साहेबांनी विचारलं होतं, रेकॉर्डिंग में किसका नाम डालूँ? मी अण्णांचं नाव सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, आणि छापलं. आता म्हणे कोणीतरी ती गाणी फोनवर टाकलीत. नात म्हणते, आजी, खाली चुकीचं नाव आहे, आपण तुझं लिहून घेऊ या. मी तिला नाही म्हटलं. तिला वाटतं मी जुन्या काळची, म्हणून नाही म्हणते. तसं नाही. प्रत्येक बाईला वीतभर पुढे की मागे उभं करायचं ते त्यांनी ठरवलं होतं, ते नसतं तर माझ्या हातून काही झालं नसतं.

तर हे जो कोणी वाचेल त्याला सांगते. माझं हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की नाव बदलायला हवं. नका बदलू. ते नाव तिथे आहे तसंच राहू द्या.